नो सिग्नल म्हणणारा डबा

मित्रांनो, टीव्हीखाली धूळ खात बसणारा जो काळा डबा तुम्ही कधी नीट पाहिलाही नसेल, तो जुना सेट-टॉप बॉक्स मी. वयाने फार मोठा नाही, पण आमच्यात बारा वर्षं म्हणजे म्हातारपणच. माझ्या हातून एक चूक झाली. ती कोणाला तरी सांगावी, म्हणून आज बोलतो आहे.

आभाळातल्या उपग्रहाकडून चित्रं येतात, ती जशीच्या तशी येत नाहीत. आकड्यांत मोडून, दाबून, घट्ट बांधून येतात. ती कशी बांधायची आणि कशी सोडायची याचा नियम ठरलेला असतो. पाठवणाऱ्याने आणि घेणाऱ्याने तोच नियम पाळला, तरच चित्र दिसतं. या नियमाला मानक म्हणतात. कारखान्यात मला असं एक मानक शिकवलं आणि एक वाक्यही दिलं. काहीच हाती लागलं नाही, तर पडद्यावर लिहायचं, ‘नो सिग्नल’. त्याशिवाय दुसरं काही बोलायला मला शिकवलंच नाही.

चौसाळ्याला धोंडीरामभाऊंच्या घरी माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. त्यांनी पत्र्यावर डिशची छत्री स्वतः बसवली होती आणि त्याचा त्यांना भारी अभिमान होता. त्यांची मुलगी आरोही दहावीत गेली, तेव्हा तिला शिकवणी लावणं जमलं नाही. मग माझ्यातून दिसणाऱ्या शाळेच्या वाहिन्याच तिचे गुरुजी झाले. संध्याकाळी ती वही घेऊन समोर बसे आणि शेजारीपाजारी म्हणत, “डबा लई गुणाचा हाय.” ते ऐकून मला मनातून बरं वाटायचं.

परीक्षेला दोन महिने उरले असताना शाळेच्या वाहिन्या नव्या मानकाने येऊ लागल्या. थोड्या जागेत जास्त चित्रं मावावीत, म्हणून तो बदल होता. त्यात वाईट काही नव्हतं. सिग्नल तर माझ्यापर्यंत रोज येत होता, पण त्याची गाठ कशी सोडायची ते मला ठाऊक नव्हतं. खरं म्हणजे मी लिहायला हवं होतं, ‘मला कळत नाही.’ पण मी लिहिलं, ‘नो सिग्नल’. माझं अज्ञान मी खुशाल आभाळावर ढकललं.

आमच्याकडे चित्र गेलं की डब्याकडे कोणी बघत नाही. एकाने पत्र्यावर चढायचं, छत्री फिरवायची आणि “आलं का?” असं ओरडायचं. दुसऱ्याने घरातून “न्हाई” म्हणायचं. तीन दिवस धोंडीरामभाऊ वर आणि आरोही खाली, असंच चाललं. चौथ्या दिवशी ते पलीकडच्या सुग्रीवच्या घरी जाऊन आले. तिथे चित्र स्वच्छ होतं. सुग्रीवचा डबा नवा होता, पण भाऊंना दिसलं ते एवढंच, की त्याच्या छत्रीपुढे झाड नाही. आपल्या छत्रीपुढे मात्र शेजारच्या हबीबभाईंचं जांभळाचं झाड उंच वाढलेलं आहे.

मित्रांनो, तेव्हाही माझ्यावर बातम्या आणि गाणी पहिल्यासारखीच दिसत होती. झाडाला फक्त शाळेच्या वाहिन्यांचाच राग का यावा, हे कोणी विचारलं नाही. त्याच झाडाची जांभळं हबीबभाईंची बायको हाफिजाबी दर उन्हाळ्याच्या शेवटी स्टँडवर विकत असे. भाऊंनी भीतभीतच विषय काढला. हबीबभाईंनी एकदा वर झाडाकडे पाहिलं. मग म्हणाले, “पोरीच्या शिक्षणाला आडवं येत आसल, तर ठिवून काय करू?”

झाड पडल्याचा आवाज मी टीव्हीखालून ऐकला. भाऊंनी धावत येऊन मला चालू केलं. मी लिहिलं, ‘नो सिग्नल’. त्या क्षणी जळून गेलो असतो तर बरं झालं असतं.

शेवटी हबीबभाईंचा पुतण्या वासिफ आला. त्याचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. त्याने छत्रीला हातही लावला नाही. मला काढलं आणि नवा डबा जोडला. चित्र लगेच आलं. “हा जुना झालाय, भाऊ. छत्री ठीक हाय,” एवढंच तो म्हणाला. आरोही वडिलांकडे बघत राहिली. भाऊ खाली बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी हबीबभाई दारात आले. “आलं का चित्र?”

मी जमिनीवर वायरींसकट पडलो होतो. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “आलं. झाडच आडवं व्हतं बगा.”

“बरं झालं मंग,” म्हणून हबीबभाई परत गेले.

आरोही पास झाली. आता मी वासिफच्या दुकानात फळीवर असतो. परवा सुग्रीव आला होता. वासिफने त्याला माझी गोष्ट सांगितली. सुग्रीव बाकड्यावर चहा पीत बसलेल्या हबीबभाईंकडे वळून म्हणाला, “आयकलं का? झाड उगंच गेलं की तुमचं.”

“ठावं हाय. वासिफनं त्याच सांजंला सांगितलं.”

“मंग धोंडीरामला बोलला कावून न्हाई?”

“गेलतो की दुसऱ्या दिशी. चित्र आलं का म्हणून इचारलं. मला वाटलं, सांगल.” त्यांनी बशीत चहा ओतला.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना जपा, पण आम्ही लिहिलेलं सगळंच खरं मानू नका. दुसऱ्याच्या झाडाला हात लावण्याआधी घरातल्या डब्याकडे बघा. आणि एखादी गोष्ट कळली नाही, चुकली, तर तसं सरळ म्हणा. ते म्हणायला मला कोणी शिकवलंच नव्हतं. माणसांना ते येतं.

धोंडीरामभाऊ रोज सकाळी दूध घालायला या दुकानावरून जातात. ते दिसले की हबीबभाई बाकड्यावर थोडे सरकून बसतात. भाऊ अजून एकदाही थांबलेले नाहीत.