दाबाची मूठ

शर्टावरचा सात नंबर पहिल्याच धुण्यात सुटला आणि गिऱ्हाईक दोन्ही वस्तू घेऊन दारात हजर झालं. एका हातात शर्ट, दुसऱ्या हातात सात. वर म्हणतं, "ताई, हे दोन्ही तुमचंच." मला हसू आलं आणि रागही आला, पण सुनेचं तोंड एवढंसं झालेलं पाहून दोन्ही गिळले.

दुकान मुळात आमच्या ह्यांचं. जन्मभर इथे बसून त्यांनी लोकांचे कपडे शिवले. मग उजवा हात थरथरायला लागला. सुईत दोरा जाईना, मशीनवर कापड सरळ धरवेना. तेव्हा सुनेने शर्टांवर नंबर आणि नावं चिकटवायची छोटी प्रेस आणली. वर तापणारी पाटी, खाली रबराची गादी, मधे शर्ट ठेवायचा आणि दांडा खाली ओढायचा. ह्यांनी एकच अट घातली: दुकान उघडणार मी आणि बंद करणारही मीच. सून समजूतदार, किल्ली त्यांच्याच खिशात राहू दिली. त्या किल्लीच्या जोरावर माणूस रोज सकाळी दाढी करून तयार होत होता. नाहीतर घरी बसून माझं डोकं खाल्लं असतं. मीही घडी घालायच्या निमित्ताने दुकानात बसायचे.

नंबर सुटतोय म्हटल्यावर सुनेने उष्णता वाढवली. तरी कोपरे उचललेलेच. आणखी वाढवली, तर पांढरा शर्ट पिवळा पडला. चिकटायचं ते चिकटेना आणि कापड मात्र करपलं, आगीतून फुफाट्यात. धावणाऱ्यांच्या क्लबचे सगळे शर्ट अजून व्हायचे होते. शेवटी तिने मेकॅनिकला बोलावलं.

मेकॅनिक जाडजूड, तोंडाने फटकळ. त्याने पाटीच्या मधोमध आणि चारी कोपऱ्यांवर तापमान मोजलं. "पाटी ठणठणीत आहे," म्हणाला. मग मशीनच्या डोक्यावरची दाबाची मूठ धरली, तर ती एका बोटाने फिरली.

"दाबच नाही इथे. पाटी शर्टाला नुसती टेकतेय. कितीही तापवा, चिकटणार कसं? ही सैल कोण करतं?"

"मी," हे खुर्चीतून म्हणाले, अगदी ऐटीत. "रात्री मशीनवर ताण ठेवू नये. शिलाई मशीनचा पट्टा मी रोज उतरवायचो, म्हणून ती इतकी वर्षं टिकली. हिलाही दुकान बंद करताना सैल करतो, सकाळी पुन्हा आवळतो."

"आवळली कुठे जाते, काका? रोज थोडी थोडी सैल राहत गेली. हातात जोर नाही उरला तुमच्या."

त्या मेल्याच्या मनात वाईट काही नव्हतं, तरी त्याला तिथल्या तिथे हाकलून द्यावंसं वाटलं मला. ह्यांनी आपला हात एकदा बघितला आणि मांडीखाली दाबून ठेवला. संध्याकाळी कुलूप लावून झाल्यावर किल्ली सुनेला देऊन टाकली.

दुसऱ्या दिवशी सून एकटीच गेली. हे चहा पिऊन भिंतीकडे तोंड करून पुन्हा आडवे झाले.

"रुसायला काय लहान आहात का?" मी चिडून म्हटलं.

"रुसलो नाही गं. नुकसान करणारा माणूस दुकानात हवाय कशाला?"

मी त्यांचा कप उचलून आत नेला.

थोड्या वेळाने सून तणतणत परत आली. "बाबा, उठा. मूठ मी आवळलीय. पण चारी कोपऱ्यांत दाब सारखा आहे का, ते कागदाच्या पट्ट्या ओढून बघावं लागतं. मला सगळे कोपरे एकसारखेच वाटतायत. तुमच्या बोटांना कळेल."

"हात हलतो माझा."

"हलू दे. ओढायचंच तर आहे. आणि आत्ताच सांगून ठेवते, यापुढे रात्री त्या मुठीला हात लावायचा नाही."

तिचं हे बोलणं मला आवडलं. गोड बोलून गुंडाळलं नाही तिने, चूक ती चूकच म्हणाली. हे उठून चपला शोधू लागले.

दुकानात तिने गार प्रेसच्या कोपऱ्यांत पट्ट्या ठेवल्या आणि दांडा खाली ओढला. ह्यांनी पहिली पट्टी थरथरत्या चिमटीत धरली. ती अलगद बाहेर आली. "इथे ढिली आहे," ते म्हणाले. सुनेने त्या बाजूचा बोल्ट आवळला आणि पट्टी परत लावली. ह्यांनी पुन्हा ओढली. आता प्रेसने ती घट्ट धरली होती. पट्टीला ताण बसला, आणि तिला धरलेला ह्यांचा हात थरथरायचा थांबला. अगदी स्थिर. किती दिवसांत तो हात असा पाहिला नव्हता मी. त्यांच्याही लक्षात आलं असावं, कारण ओढून झालं तरी चिमूट सुटेना.

"जमलं, बाबा," सून म्हणाली. "आता पुढचा कोपरा."

"थांब गं जरा," मी म्हटलं. "एवढ्यात सोडायला लावू नकोस."