टेबलावरचं रबरी गर्भाशय

मी गर्भाशयाची एक जुनी रबरी प्रतिकृती आहे. हसू नका, मित्रांनो! आतलं दिसावं म्हणून माझं पोट अर्धं उघडं ठेवलं आहे. साच्यातून निघाले तेव्हा मी गुलाबी होते. डॉक्टरबाईंच्या टेबलावर इतक्या जणींनी मला हाताळलं की रंग पार उडाला. मग भिंतीवर पडदा आला, त्यावर चित्रं हलू लागली आणि माझी रवानगी कपाटात, हातमोज्यांच्या खोक्यामागे झाली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

एके दिवशी बस चालवणाऱ्या एक बाई सासूबाईंबरोबर आल्या. दोन मुलं पुरेत, असं नवराबायकोनं ठरवलं होतं. शिवाय पाळीत इतकं रक्त जाई की बस चालवणं जिवावर येई. तपासण्यांत दुसरं काही निघालं नव्हतं. डॉक्टरबाईंनी गर्भाशयात बसवायचं एक साधन सुचवलं.

"तांबी नको हो," त्या म्हणाल्या. "जाऊबाईंना तिनं जास्तच जायला लागलं."

"ही तांब्याची नाही, हार्मोनची." डॉक्टरबाईंनी पडद्यावर चित्र दाखवलं. बाईंच्या चेहऱ्यावरची भीती काही हलेना. तेव्हा डॉक्टरबाईंनी मला कपाटातून बाहेर काढलं, धूळ पुसली आणि टी अक्षरासारखं इवलंसं साधन माझ्या पोटात बसवलं.

"हे थोडं थोडं औषध सोडत राहतं. गर्भाशयाच्या तोंडाशी स्राव घट्ट होतो, शुक्रजंतू आत शिरत नाहीत. अस्तर पातळ राहतं, म्हणून रक्त कमी. बसवताना कळ येईल, सुरुवातीचे काही महिने अधूनमधून डाग दिसतील. काही वर्षं टिकतं, पण नकोसं झालं तर केव्हाही काढू. गुप्तरोगांपासून मात्र हे वाचवत नाही."

बाईंनी साधनाचे खाली लोंबणारे दोरे चाचपले. मग म्हणाल्या, "बसवा."

काही महिन्यांनी दोघी पुन्हा हजर. सासूबाईंचा जीव टांगणीला लागलेला. "हिची पाळीच बंद झाली! दिवस गेले असतील, नाहीतर सगळं रक्त आत साठत असेल."

"काढूनच टाका," बाईही रडवेल्या झाल्या.

चाचणी केली. दिवस गेले नव्हते. मग डॉक्टरबाईंनी मला सासूबाईंच्या हातात दिलं. "बोट फिरवा आतून. दर महिन्याला इथलं अस्तर जाड होतं आणि गळून पडतं. आता ते जाड होतच नाही."

सासूबाईंनी बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. "म्हणजे साठायला काही नाहीच?"

"काहीच नाही."

"आणि मी पोरीचं डोकं खाल्लं!" त्या कपाळावर हात मारून म्हणाल्या. बाई खळखळून हसल्या. साधन जागच्या जागी राहिलं.

निघता निघता सासूबाई दारातून मागे आल्या. "माझ्या लेकीलाही आणते. हेच बसवून टाका."

"आणा की. पण ठरवेल ती."

सासूबाईंनी मान हलवली. "बरं. मग मी बाहेर बसेन."

मित्रांनो, मला पुसून ठेवा, नाहीतर धूळ खात पडू द्या. रबराला त्याचं काय? जपायचं ते तुमचं शरीर. त्याच्याबद्दलची शंका लाजेपोटी गिळू नका. ती लेक आली, तेव्हा तिची आई खरंच बाहेर बसली. लेकीनं दार लावून घेतलं, मला दोन्ही हातांत धरलं आणि विचारायला सुरुवात केली.