हात की चाक

अप्पारावांनी पालमच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं, पण स्वतःचं म्हणणं सिद्ध करून दाखवायची पाळी त्यांच्यावर घरातच आली. आणली बायकोनं.

"गाडी न्हाई हालायली, तुमचा हात हालायलाय," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "मी शेजारीच बसते, मला दिसतंय की!"

अठरा वर्षांची गाडी. साठच्या पुढं गेली की स्टेअरिंग थडथडायचं. बन्सीधर मेकॅनिकनं ती बाजारपेठेतून एक चक्कर फिरवून आणली. त्या गर्दीत काटा चाळीसच्या वर जातोय कशाला? "सर, गाडी एकदम ठणठणीत," असा निकाल त्यानं दिला. तरी सरांनी हट्टानं त्याच्याकडून चारी चाकांचं बॅलन्सिंग करून घेतलं. दोन दिवस बरे गेले आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग पुण्याहून मुलाचा, केयूरचा फोन आला. "बाबा, वय झालं तुमचं. रविवारी गिऱ्हाईक येईल, किल्ली देऊन टाका."

अप्पारावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरात दुसरं कुणी गाडी चालवत नव्हतं. गाडी गेली म्हणजे शेत गेलं, लेकीचं गाव गेलं. उरलं ते एसटीची वाट बघणं. "रविवारला चार दिवस हायेत," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

वर्गात ते एकच गोष्ट घोकून घ्यायचे: एका वेळी एकच बदल करा. तसंच धरलं. बाईंना शेजारी बसवून गाडी गंगाखेड रस्त्याला काढली. वेगात असताना ब्रेक दाबला, थडथड वाढली नाही. म्हणजे ब्रेकचा दोष नाही. घरी येऊन जॅक लावला आणि पुढचं डावं चाक मागच्याशी बदललं. गुडघे कुरकुरले, त्यांना विचारतंय कोण? पुन्हा रस्त्याला गेले, थडथड तशीच. दुसऱ्या दिवशी उजवं चाक मागं टाकलं. या खेपेला साठला स्टेअरिंग गप्प होतं, पण बाई दचकल्या.

"अगं बाई, खालून सीट हालायलीय!"

"हात माझा हाय. सीट कुणाची?" अप्पाराव म्हणाले. इतकं गोड वाक्य त्यांच्या तोंडून लग्नापासून निघालं नव्हतं.

ते चाक उतरवलं. आतल्या बाजूला रिमला भाकरीएवढी काळी माती वाळून चिकटलेली. येळवशीच्या अमावस्येला सगळा गोतावळा शेतात पूजेला नेला, तेव्हा पाणी दिलेल्या ज्वारीच्या कडेला गाडी रुतली होती. सरांनी ती घरी आणून चकचकीत धुतली होती, पण नुसती बाहेरून. वरून कीर्तन, आतून तमाशा! बन्सीधरनं बॅलन्सिंग केलं तेही मातीसकट, आणि मग ढेकूळ थोडं थोडं गळत गेलं. सरांनी खुरप्यानं उरलेली माती खरवडली, चारी चाकं धुतली आणि बन्सीधरसमोर उभं राहून पुन्हा बॅलन्सिंग करून घेतलं.

शनिवारी सकाळी दोघं निघाले. साठ झाले, सत्तर झाले. स्टेअरिंग देवघरातल्या समईसारखं स्थिर. अप्पारावांनी जिंकल्याच्या तोऱ्यात बाईंकडं पाहिलं. बाई मुद्दाम खिडकीबाहेर बघत होत्या.

तेव्हा त्यांनी स्टेअरिंगवरच्या आपल्या उजव्या हाताकडं पाहिलं. तो थरथरत होता. थोडाच, पण थरथरत होता. आता दोष द्यायला गाडी उरली नव्हती.

त्यांनी वेग कमी केला. मग गाडी शेताच्या मोकळ्या वाटेला वळवून थांबवली, खाली उतरले आणि पलीकडून फिरून बाईंचं दार उघडलं.

"सरक तिकडं."

"मी? साठी उलटल्यावर?"

"केयूरला सांग, त्या गिऱ्हाईकाला येऊ नको म्हणावं, गाडी ठणठणीत हाय," अप्पाराव म्हणाले आणि किल्ली तिच्या हातात ठेवली. "डावा पाय क्लचवर. हां. आता एका वेळी एकच गोष्ट करायची."