जवळचा रस्ता

रविवारी दुपारी जेवणाचे टेबल पुसून त्यावर नकाशा पसरण्यात आला. तो चारही बाजूंनी वर उचलला जाई, म्हणून तीन कोपऱ्यांवर मिठाची बरणी, चष्म्याचे घर आणि पाण्याचा तांब्या ठेवला; चौथा लेकीने कोपराने दाबून धरला. ती नऊ वर्षांची होती आणि तिने समुद्र पाहिलेला नव्हता. दोन दिवस, एक मुक्काम, शेजाऱ्यांकडून मागून आणलेली गाडी, एवढाच काय तो बेत. पण चार वर्षे तो दर सुट्टीत रचला जाई आणि दर सुट्टीत काहीतरी निमित्त होऊन मोडला जाई. या खेपेस आईने लेकीच्या पुढच्या सोमवारच्या रजेचा अर्ज शाळेत आधीच देऊन ठेवला होता.

लेकीचा बाप रस्त्यांवर पांढरे पट्टे मारण्याचे काम करी. गल्लीत त्याला गमतीने पट्टेवाला म्हणत, आणि नवख्या माणसाला वाटे की हा कुठल्या तरी कचेरीत शिपाई असावा. वीस वर्षे तो रंगाची गाडी ढकलत तापल्या डांबरावरून सरळ चालत आला होता; मागे वळून पाहण्याची त्याच्या मानेला सवयच उरली नव्हती.

समुद्राकडे दोन रस्ते जात. जवळचा पाच तासांचा, डोंगराला वळसा घालणारा नऊ तासांचा. पट्टेवाल्याने लांबच्या रस्त्यावर बोट ठेवले आणि झाडी, गार हवा, कमी रहदारी अशी कारणे एकामागून एक सांगितली. कारणे सगळी खरी होती. कदाचित म्हणूनच ती ऐकवत नव्हती.

"जन्मभर सरळ रेघा मारल्या, आणि आता पोरीला घेऊन वाकडी वाट धरताय?" बायको हसत म्हणाली.

समुद्राच्या काठालाही पट्टा मारलेला असतो का, असे लेकीने मध्येच विचारले. असतो, बाप म्हणाला, पण तो सारखा पुसला जातो. मग बाबांना तिथे रोज काम मिळेल, असे तिने ठरवून टाकले.

अण्णा हसले नाहीत. अण्णा म्हणजे त्याचे सासरे. ते घड्याळजी, दुकान बंद करून सहा वर्षे लोटली तरी भिंग त्यांच्या खिशातून गेले नव्हते. ते डोळ्याला लावून ते जवळच्या रस्त्यावरचे किलोमीटरचे आकडे एकेक करून वाचत होते. एकसष्टपाशी त्यांचे बोट थांबले.

त्या आकड्याजवळ चार वर्षांपूर्वी त्यांचा मुलगा गेला होता. बायकोचा थोरला भाऊ, सगळ्यांचा दादा. पट्टेवाल्याला या कामाला लावले ते त्यानेच, आणि हात धरून शिकवलेही त्यानेच. मागून ट्रक आला, चालकाला डुलकी लागली होती, रस्ता अडवायला मांडलेले नारिंगी कोन उडवून तो दादाच्या अंगावर गेला: हे पट्टेवाल्याने पोलिसांना सांगितले, कोर्टात सांगितले, घरी सांगितले. चालक तुरुंगात गेला. सांगून सांगून ते वाक्य नदीतल्या गोट्यासारखे गुळगुळीत झाले होते. कुठून धरावे ते आता त्याचे त्यालाही कळत नसे.

"मला ती जागा बघायची आहे," अण्णा म्हणाले. "तो कुठे उभा होता, तेवढं दाखवा मला. जास्त वेळ नाही घेणार."

तिकडे रस्ता खोदून ठेवलाय, असे पट्टेवाला म्हणाला. समोरच्या काकू परवाच तिकडून आल्या, पोटातलं पाणी हलत नाही म्हणे, असे बायको म्हणाली. तो पाणी आणतो म्हणून उठला. तांब्या टेबलावर भरलेलाच होता. बायकोने तांब्याकडे पाहिले, मग त्याच्याकडे, आणि ती त्याच्यामागून स्वयंपाकघरात गेली.

तो ओट्याला टेकून उभा होता. ट्रकने कोन उडवले नव्हते, हे त्याने आधी सांगितले. बाकीचे आपोआप येत गेले. रंग वाळायला अर्धा तास लागतो आणि तोवर कोन हलवायचे नाहीत, हे पहिल्या दिवशी शिकवतात. त्या संध्याकाळी दोन किलोमीटर काम उरले होते, उजेड जात होता आणि पुढे मांडायला कोन हवे होते. त्याने दादाला मागचे कोन उचलायला पाठवले. रस्ता मोकळा दिसला तशा पाच-सहा गाड्या ओल्या पट्ट्यावरून निघून गेल्या. सातवा तो ट्रक. त्या साऱ्या चाकांचे पांढरे ठसे शंभर पावलांपर्यंत उमटले, आणि ते अजून आहेत. पोलिसांनी रक्ताभोवती खडू फिरवला, रंगाकडे कोणी पाहिले नाही. पण एका झोपलेल्या चालकाने एवढी चाके आणलेली नसतात, म्हणजे कोन आधीच उचललेले होते, हे नीट पाहणाऱ्याला कळेल.

गेल्या वर्षी तो एकटाच काळ्या रंगाचा डबा घेऊन तिथे गेला होता. चुकलेला पट्टा या धंद्यात काळ्याने झाकतात. पण काळा रंग उन्हात चकाकतो आणि खालची चूक अधिकच उठून दिसते. दुपारपर्यंत तो कडेला बसला आणि न उघडलेला डबा घेऊन परत आला.

बाहेर लेक अण्णांना वाटेतल्या गावांची नावे मोठ्याने वाचून दाखवत होती.

"दादा काही म्हणाला होता?" बायकोने विचारले.

"म्हणाला. 'जावईबापू, अजून ओलं आहे.'"

"आणि तुम्ही?"

"'असू दे, उचला,' म्हणालो."

तिने नळ सोडला, कोरडे हात धुतले, पुसले. तिने शिवी दिली असती तर त्या शिवीला धरून तरी त्याला उभे राहता आले असते.

"मी अण्णांना काही सांगणार नाही," ती म्हणाली. क्षणभर त्याचे खांदे सैल झाले. "जवळच्या रस्त्यानेच जायचं. जागा तुम्ही दाखवायची. खाली उतरून, त्यांचा हात धरून."

"त्यांना दिसेल ते."

"दिसू दे."

ती बाहेर जाऊन टेबलाशी बसली. तिचा आवाज नेहमीचाच होता. त्या नेहमीच्या आवाजाबरोबरच आपल्याला उरलेली वर्षे काढायची आहेत, हे त्याला दारातून ऐकताना कळले. सहाला निघायचं, तिने लेकीला लिहून घ्यायला सांगितले, अकराला पोचायचं, मध्ये एकदाच थांबायचं.

"मी पुढे बसेन," अण्णा म्हणाले. "म्हणजे जागा चुकायची नाही."

"बसा, अण्णा," पट्टेवाला म्हणाला.

किती मिनिटं थांबायचं, हे लेकीने दोनदा विचारले. कोणी सांगेना, तेव्हा तिने आपल्या मनाने पाच लिहिले, आणि त्याखालच्या ओळीवर, सगळ्यांत मोठ्या अक्षरांत, समुद्र.