सभ्य जंतू

“पहिला प्लेग, दुसरा अँथ्रॅक्स, तिसरा कॉलरा.” साहेबांनी पडद्यावरची नावं वाचली आणि चष्मा काढून पुसला, जणू दोष काचेतच असावा. “मॅडम, हा पोहण्याचा तलाव आहे ना?”

“हो साहेब.”

“कुठला?”

“आमच्या सासऱ्यांचा,” ती म्हणाली.

शहराच्या पाणी-प्रयोगशाळेत तिला सगळे ‘चाळणी’ म्हणत, कारण ती दिवसभर चाळतच असे. पाणी गाळून जे उरेल त्यातला डीएनए काढायचा, यंत्राने त्याचे बारीक तुकडे वाचायचे आणि मग तिच्या संगणकातल्या प्रोग्रामांनी ते निवडायचे. आधी अस्पष्ट तुकडे बाद, मग माणसांचे बाद, कारण पोहणारे लोक स्वतःला बरंच पाण्यात सोडून येतात. उरलेले तुकडे ओळखीच्या जंतूंच्या यादीशी ताडायचे आणि कोणाकोणाचा मुक्काम आहे ते सांगायचं.

सासऱ्यांनी तो तलाव उमेदीच्या काळापासून सांभाळला होता. घरात म्हणत की बाबांनी तलाव वाढवला, मुलं आपली आपण वाढली.

“मी वर कळवलंय,” साहेब म्हणाले. “एव्हाना कुलूप लागलं असेल.”

साध्या अर्जावर सही करायला साहेबांना आठवडा लागे. वाईट बातमी वर पोचवताना मात्र त्यांचा हात कुणी धरू शकत नसे.

तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. “अगं, तलावाला कुलूप लावून गेलेत. बाबा बाहेर बाकावर बसलेत, घरी येत नाहीत. म्हणतात, माझ्या पाण्यात रोग निघाला तर मी कुठल्या तोंडाने घरी येऊ? तुझ्या ऑफिसातून काही कळलं का?”

“बघते,” ती म्हणाली. संसारात हा शब्द फार उपयोगी पडतो.

फोन ठेवून ती खरोखरच बघायला बसली. हे तिघे एका तलावात खरंच असते, तर तपासणीचा निकाल यायच्या आधी दवाखाने भरले असते. पण तिला खटकलं ते वेगळंच. निकालात एकही सभ्य जंतू नव्हता. कितीही निगा राखलेल्या पाण्यात मातीतले, कातडीवरचे, पानांवरचे चार गरीब जंतू असतातच. ते कुणाच्या अध्यात ना मध्यात. इथे मात्र सगळे नामचीन.

तिने प्रोग्रामच्या सूचनांची फाइल उघडली आणि कपाळाला हात लावला.

आदल्या दिवशी इस्पितळाचं सांडपाणी आलं होतं. घाईचं काम, म्हणून तिने फक्त घातक जंतूंची छोटी यादी जोडली होती. आज तलावाचं पाणी घेताना ती एक ओळ बदलायची राहून गेली. हातात फक्त चोरांचे फोटो देऊन एखाद्याला फाटकावर उभं केलं, तर येणारा प्रत्येक पाहुणा त्याला कुठल्या ना कुठल्या चोरासारखाच दिसणार. प्रोग्रामने इमानेइतबारे तेच केलं होतं.

सगळ्या जंतूंची मोठी यादी तिच्या संगणकाच्या स्मृतीत मावत नव्हती. ती मावेल असा एकच संगणक होता आणि तो शेजारच्या टेबलावर एका फुलपाखराचा डीएनए जुळवत बसलेल्या सहकाऱ्याने अडवला होता.

“मशीन सोड.”

“परवापासून चाललंय माझं. संध्याकाळी संपेल.”

“माझे सासरे तोवर बाकावर बसायचे.”

त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि काम थांबवलं. “घे. फुलपाखरू काय, मेलेलंच आहे. त्याला कसली घाई?”

दुपारभर प्रोग्राम चालला. तिने डबा उघडला, मिटला. साहेब तीनदा येऊन “झालं का?” विचारून गेले, वरून त्यांनाही कुणीतरी तेच विचारत असावं.

नवा निकाल आला तेव्हा तिला हायसं वाटलं. मातीतले, कातडीवरचे, पानांवरचे, सगळे आले होते. अँथ्रॅक्स नाही, कॉलरा नाही. मात्र तळाशी प्लेगच्या नावावर मूठभर तुकडे अजून होते.

“आहे की!” साहेबांनी बोट ठेवलं.

“थांबा साहेब.” तिने ते तुकडे प्लेगच्या जंतूच्या संपूर्ण डीएनएवर मांडून दाखवले. “घरात माणूस राहत असला की त्याच्या खुणा सगळ्या खोल्यांत सापडतात. इथे बघा, सगळा ढीग एकाच कोपऱ्यात. बाकी घर रिकामं. आणि हा कोपरा त्याच्या निरुपद्रवी चुलतभावांकडेही असाच असतो. ते बापडे मातीत राहतात.”

साहेबांनी वाकून तो कोपरा पाहिला. “म्हणजे चूक मशीनची.”

“माझी, साहेब. कालची यादी तशीच राहिली.”

“मशीनची म्हटलं तर वर कुणी विचारत नाही.”

“आणि पुढच्या वेळी मशीन खरं बोललं तर ऐकणार कोण?”

साहेबांनी सुस्कारा सोडला आणि फोन उचलला. “नमस्कार सर. मला सकाळपासूनच शंका होती...”

ती तलावावर पोचली तेव्हा कुलूप नुकतंच निघालं होतं. कुंपणापलीकडे रोजचे पोहणारे पिशव्या धरून उभे होते. आत कुणी येत नव्हतं.

“काय निघालं शेवटी?” सासऱ्यांनी विचारलं.

तिने सभ्य जंतूंची नावं सांगितली. लांबच्या नातेवाइकांची ख्यालीखुशाली ऐकावी तशी त्यांनी ती मान डोलावत ऐकली.

“मग सकाळी घोळ कोणी घातला?”

“मी, बाबा.”

“बरं झालं,” ते म्हणाले. “बाहेरचा कुणी असता तर भांडायला जावं लागलं असतं. या वयात कुठे जाणार?”

तिला हसू आलं आणि डोळेही भरले. ती काही बोलणार, तोवर त्यांनी कुंपणाकडे पाहिलं. शर्टाची बटणं सावकाश काढली, घडी करून शर्ट तिच्या हातात दिला आणि शिडीला धरून पाठमोरे एकेक पायरी उतरले. छातीपर्यंत पाण्यात उभं राहून त्यांनी तोंड धुतलं. कुणाला हाक मारली नाही.

कुंपणापाशी एका बाईने पिशवी उघडली, पोहायची टोपी काढली आणि तिच्यात केस कोंबायला सुरुवात केली.