सरांनी तोंड उघडलं नाही

आमचे सर रोह्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतात आणि घरी आले तरी थांबत नाहीत. मी त्यांची बायको, म्हणजे जन्माची पहिल्या बाकावर. मागच्या हिवाळ्यात गडबला, आमच्या गावी, शेजारच्या विठूच्या शेतात पोपटी होती, म्हणजे मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी भाजायचा बेत. मडकं उघडलं आणि सरांनी वालाचं असं काही कूळ-मूळ काढलं की आतली कोंबडी गार झाली. "आमचं अडाण्याचं जेवण तुमाला काय गोड लागायचं?" विठू म्हणाला. त्यानंतर वर्षभर त्यांच्याकडून ना शेंग आली, ना हाक. निवृत्तीनंतर आम्ही राहणार गडबलाच, त्यांच्या कुंपणाला लागून. मला ते वर्ष फार जड गेलं.

यंदा बोलावणं आलं. "जिभेला कुलूप घाला," मी सरांना बजावलं.

विठूचा अक्षय कंपनीतून शिफ्ट संपवून येताना हायवेच्या कडेचा भांबुर्डा उपटून घेऊन आला. हा उग्र पाला मडक्यात शेंगांभोवती भरला की त्याचा वास आत मुरतो, पोपटीची खरी चव तीच. सरांनी एक पान चुरगळून हुंगलं आणि माझ्या कानाशी आले. "हा भांबुर्डा नाही. रानमोडी आहे. गुरंसुद्धा तोंड लावत नाहीत."

"तुम्हीही लावू नका. म्हणजे बोलायला," मी म्हटलं.

मडकं उपडं घालून भोवती जाळ पेटवला. धुराला चमत्कारिक वास येत होता. उघडल्यावर सगळे हातात शेंगा धरून सरांकडे बघत बसले. सरांनी माझ्याकडे पाहिलं, मग निमूटपणे शेंग सोलली. नंतर अंडं खाल्लं. नंतर तंगडी. ते पाहून सगळेच तुटून पडले.

सकाळी आम्ही पाचही जण पेणच्या एका दवाखान्यात ओळीने सलाईन लावून पडलो होतो.

"मला वास आला व्हता, पाला येगळा हाय म्हणून," विठूची बायको हौसा कण्हत म्हणाली.

"मंग बोललीस का नाय गो?" विठू तिच्यावर खेकसला.

"सर खात व्हते ना! म्हटलं, त्यांना कळतंय."

"मीपण त्यांच्याकडं बघूनच खाल्लं," अक्षय म्हणाला.

सरांना राहवेना. "मला कळलं होतं. पण बोललो असतो तर तुम्हीच म्हणाला असता, शिकल्याचा माज."

विठू सुईसकट उठून बसला. "म्हंजे म्हाईत असून गप बसलात? आमाला सांगायच्यापण लायकीचे समजला नाय? केवढा हो माज तुमचा!"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे तोंड करून डोळे मिटले.