सोपी लावलेली गिटार

शाळेत नाटकाचा क्लब होता, तिथे आधी निवड व्हायची. वादविवादाचा होता, तिथे तर घरून लिहून आणलेलं भाषण दाखवल्याशिवाय उंबरा ओलांडू देत नसत. गिटार क्लबात मात्र कुणीही यावं. सूर कळो न कळो, घरी गिटार असो नसो. दर गुरुवारी शेवटचा तास सुटला की भूगोलाच्या खोलीतली बाकं भिंतीला सरकवायची, कपाटावरच्या सहा गिटारी खाली उतरवायच्या आणि दारातून जो डोकावेल त्याला आत ओढायचं, एवढेच काय ते नियम. आणि हा क्लब चालवत कोण होतं, तर गणिताच्या बाई! ज्यांच्या तासाला पंखासुद्धा जपून फिरतो म्हणतात, त्या.

मुलांना हे कोडं काही केल्या सुटत नसे. वर्गात एक पायरी गाळली की बाई अख्ख्या गणितावर काट मारत, आणि इथे कुणी गिटार उलटी धरली तरी म्हणत, "वा! होऊ दे, आणखी जोरात होऊ दे!" बाईंना एक जुळी बहीण आहे आणि गुरुवारी तीच येते, असं नववीतली पोरं छातीठोकपणे सांगत. खरं कारण अगदी साधं होतं. बाई लहान असताना गाण्याच्या तासाला त्यांना सरांनी पहिल्याच दिवशी मागच्या रांगेत उभं केलं होतं आणि सांगितलं होतं, "तू नुसते ओठ हलव." चाळीस वर्षं उलटली, पण ते ओठ हलवणं बाईंच्या मनातून गेलं नव्हतं. गिटार त्या शिकल्या तिशी उलटल्यावर, खोलीचं दार लावून. आपल्या खोलीतून एकही पोर हिरमुसून बाहेर पडता कामा नये, असा त्यांनी पणच केला होता.

निश्चय चांगलाच. पण अति तिथे माती म्हणतात ते काही उगाच नाही.

झालं असं. सहा गिटारींतली एक गिटार बाई मुद्दाम वेगळी लावून ठेवत. नेहमीसारखी लावलेली गिटार नुसती छेडली तर काही धड निघत नाही. तीन-तीन बोटं तारांवर वाकडीतिकडी दाबावी लागतात, टोकं सोलवटतात, आणि नवखं पोर पुढच्या गुरुवारी गायब होतं. पण तीन तारा जराशा उतरवल्या की मग नुसता हात फिरवला तरी गोड कॉर्ड, म्हणजे जुळलेल्या सुरांचा झुपका, वाजते, आणि एकच बोट आडवं ठेवून वरखाली सरकवलं की पुढच्या कॉर्डही मिळतात. मुलं त्या गिटारीला आपापसात 'सोपी' म्हणत. नवीन पोर दोन-तीन गुरुवार सोपीवर बसे. भीड चेपली की बाई त्याला बाजूला घेऊन सगळं समजावून सांगत आणि नेहमीच्या गिटारीवर बसवत. यात लबाडी काही नव्हती. लबाडी झाली ती गोलकीच्या बाबतीत.

गोलकी म्हणजे शाळेच्या फुटबॉल संघाची गोलकीपर. दहावीतली पोरगी, उंचपुरी, हात म्हणजे फावडी, आणि तोंडाचा पट्टा असा की समोरच्या संघाची अर्धी हिंमत तिथेच खचावी. गेल्या वर्षी एका सामन्यात कुणाचा तरी बूट तिच्या डाव्या पंज्यावर पडला आणि मधली दोन बोटं मोडली. हाडं जुळली, पण बोटं वाकेनात. खेळाच्या सरांनी तिला सरळ सांगितलं की आता गोलात उभं राहणं नाही. त्यानंतर ती पोरगी दोन महिने कुणाशी धड बोलली नाही. तिची आईच एका गुरुवारी तिला दंडाला धरून भूगोलाच्या खोलीत घेऊन आली.

बाईंनी तिच्या हाती सोपी दिली. गोलकीने पहिलं बोट पाचव्या फ्रेटवर, म्हणजे दांडीवरच्या पाचव्या पट्टीवर, आडवं ठेवलं, दुसऱ्या हाताने तारा छेडल्या, आणि गाणं सुरू झाल्यासारखा आवाज निघाला. तिने बाईंकडे असं पाहिलं की बाईंना गहिवरून आलं. "मला येतंय की हो बाई!"

"येतंय तर! छान येतंय."

तिसरा गुरुवार आला. आता सांगायला हवं होतं. पण बाईंची जीभ काही वळेना. नेहमीच्या गिटारीवर ही न वाकणारी बोटं घेऊन ही पोर बसली, की पुन्हा तेच होणार. त्यांनी मनाशी म्हटलं, आज नको, पुढच्या गुरुवारी. पुढच्या गुरुवारी म्हटलं, चाचणी परीक्षा होऊ दे. अशी सहामाही आली. दर गुरुवारी मधल्या सुट्टीत बाई भूगोलाच्या खोलीत जात, सोपीच्या तीन तारा उतरवून ठेवत आणि गोलकीला त्यातलं काही कळू देत नसत. कुणी नवीन पोर आलं तर त्याच्यासाठी दुसरी एक गिटार सोपी करत. एव्हाना गोलकी खरोखर वाजवू लागली होती. स्वतःची म्हणून एक धून बसवली होती तिने.

क्लबातल्या मोठ्या मुलांना हे सगळं माहीत होतं. त्यांतली चष्मिस, अकरावीतली, एकदा बाईंना जिन्यात गाठून म्हणाली, "बाई, तिला सांगायला हवं. बाहेर कुठे वाजवायला गेली तर पंचाईत होईल."

"सांगू गं. घाई काय आहे? आणि तू मध्ये तोंड घालू नकोस. एवढं कळतं मला."

कोंबडं झाकून ठेवलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का? गोलकीच्या मावसभावाच्या वाढदिवसाला पंधरा-वीस नातेवाईक जमलेले, आणि कोपऱ्यात त्याची गिटार. गोलकीला कोण अडवणार? "बघाच आता," म्हणत ती खुर्ची ओढून बसली, बोट पाचव्या फ्रेटवर आडवं ठेवलं आणि वाजवलं. जो काही आवाज निघाला, त्याने आतल्या खोलीतलं तान्हं बाळ उठलं. सगळे हसले. काका म्हणाले, "अगं, गिटार आहे ती, पेनल्टी नव्हे!" गोलकी ठसक्यात म्हणाली, "दादा, तुझी गिटारच बेसूर आहे." दादाने ती तिच्या हातातून घेतली आणि गाणं वाजवून दाखवलं. स्वच्छ, सुरात. वर बिचाऱ्याने चांगुलपणाने विचारलं, "तुमच्याकडे कशी लावतात गं? बहुतेक तीन तारा उतरवत असतील. शिकाऊ मुलांसाठी करतात तसं."

त्या गुरुवारी गोलकी क्लबात आली नाही. शुक्रवारी गणिताच्या तासाला तिने एकदाही मान वर केली नाही. बाईंना वाटलं, पोट वगैरे दुखत असेल. मधल्या सुट्टीत चष्मिसने पोरींकडून ऐकलेली सगळी हकीकत सांगितली आणि शेवटी म्हणाली, "मी म्हटलं होतं." एरवी असं बोलणाऱ्याला बाईंनी उभं सोलून काढलं असतं. आज त्या खडूचा डबा उगाच उघडत नि लावत राहिल्या.

शनिवारी दुपारी बाई गोलकीच्या घरी गेल्या. आई दाराजवळच शिवणयंत्रावर बसली होती, शेजारी दवाखान्याच्या पडद्यांचा हा ढीग. "या बाई," ती म्हणाली. "आत आहे. तोंडाचा फुगा झालाय. मला तर काही सांगत नाही." आणि शहाण्या बाईसारखी पुन्हा यंत्र चालवू लागली, आतलं बोलणं आपल्याला ऐकू येत नाहीये असं दाखवायला.

गोलकी खाटेवर पाय पोटाशी घेऊन बसली होती. उठली नाही. बाईही स्टुलावर न विचारताच बसल्या.

"सगळ्यांना माहीत होतं?" तिने विचारलं.

"मोठ्यांना होतं."

"चष्मिसला?"

"हो. ती सांगणार होती. मीच गप्प बसवलं तिला."

"म्हणजे मीच तेवढी येडी."

"अगं, तशी लावलेली गिटार खोटी नसते," बाई घाईघाईने म्हणाल्या. "मोठमोठे वाजवणारे तशीच लावतात. तुझ्या बोटांना तर तीच सोयीची..."

"मग सांगितलं का नाही?"

बाईंनी स्टूल थोडं पुढे ओढलं. मग म्हणाल्या, "घाबरले मी. खरं सांगितलं तर पळून जाशील, असं वाटलं."

"खेळाच्या सरांनी मला तोंडावर सांगितलं होतं," गोलकी म्हणाली. तिचा आवाज चढला, बाहेर यंत्र थांबलं. "रडरड रडले मी. शिव्याही घातल्या मनात. पण त्यांचा राग नाही आता मला. त्यांनी 'छान छान' म्हणत मला गोलात उभं केलं असतं, पोरींना सांगितलं असतं की हिच्याकडे हळू मारा, आणि मी आपली खूश, तर? तसंच केलंत ना तुम्ही? तुम्ही म्हणायचात, छान वाजवतेस. ते खरं होतं का, का तेही तसंच होतं? मला काय येतं नि काय येत नाही, हेच कळेनासं झालंय मला!"

मागच्या रांगेत उभं करणारे ते सर आणि आपण, यांत आपल्याला वाटला तेवढा फरक नाही, हे त्यांना त्या स्टुलावर बसल्या बसल्या कळलं. त्या सरांनी आपला आवाज बंद केला होता, आपण हिचे कान बंद केले.

"ते छान खरं होतं," बाई म्हणाल्या. "पण आता मी काही म्हटलं तरी तुझा विश्वास बसणार नाही."

"नाहीच बसणार."

"चुकलं माझं. तू येवोस न येवोस, तुझं लपवून मी काही करणार नाही. गुरुवारी सगळ्या गिटारी नेहमीसारख्या लावलेल्या असतील." एवढं बोलून त्या उठल्या. दारात गोलकीची आई पुटपुटली, "बाई, चहा..." पण बाईंच्याने तिथे थांबवेना.

गुरुवारी बाईंनी सगळ्यांना गोळा करून झालं ते जसंच्या तसं सांगितलं. आपण चष्मिसला दटावलं तेही सांगितलं. चष्मिस लाजून खिडकीबाहेर बघायला लागली. बोलणं संपतंय तोच दारात गोलकी उभी.

"मी राहायला आले नाहीये," ती म्हणाली. "आई म्हणाली, घरात फुगून बसण्यापेक्षा जा आणि काय ते भांडून ये."

"ये, भांड," बाई म्हणाल्या.

पण गोलकीने भांडायच्या ऐवजी कपाटाजवळची गिटार उचलली, खोलीच्या मधोमध बसली आणि म्हणाली, "कशी उतरवतात ते सांगा. हात लावायचा नाही. नुसतं सांगायचं."

बाईंनी सांगितलं. पहिली आणि सहावी तार चौथीशी जुळवायची, पाचवी तिसरीशी. गोलकीने खुंटी पिळली, छेडून पाहिलं, मान वर केली. "लागली?"

"नाही."

गुरुवारच्या बाईंच्या तोंडून 'नाही' कुणी ऐकलंच नव्हतं. गोलकीने पुन्हा पिळली. "आता?"

"नाही. फार उतरली."

"आता?"

"नाही."

बाईंचे हात नुसते शिवशिवत होते. अर्ध्या मिनिटाचं काम, पण त्यांनी दोन्ही हात काखेत घट्ट दाबून धरले. सहावी लागली तर पाचवी बिनसे. एकदा गोलकीने गिटार खाली ठेवली, दाराकडे पाहिलं, आणि पुन्हा उचलली. कुणी एक नवीन पोर तर इतकं घाबरलं की दप्तर पोटाशी धरून बसलं. वीस मिनिटं हेच चाललं होतं. सात वेळा विचारून झालं, सात वेळा बाईंनी 'नाही' म्हटलं, आणि प्रत्येक वेळी त्यांना वाटलं, गेली आता ही.

"लागली?" गोलकीने आठव्यांदा विचारलं.

बाईंनी डोळे मिटून ऐकलं. "लागली."

गोलकीने बोट पाचव्या फ्रेटवर आडवं ठेवलं आणि आपली धून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवली.

"दोन ठिकाणी हात उशिरा पोचला," बाई म्हणाल्या. "आणि शेवटी उगाच घाई केलीस."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं छान होतं."

गोलकी गिटारीवर मान टाकून रडायला लागली, आणि बाईंनाही आवरेना. पण 'खरंच?' असं तिने विचारलं नाही.